बैठकीतला बैल

मी दहावी पास झाले त्या दिवशी मामाने पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात ठेवला आणि आमच्या बोरिवलीच्या इमारतीचे चारही मजले ऐकतील अशा आवाजात जाहीर केलं, "वन मोर फेदर इन युअर कॉफिन!"

फेदर म्हणजे पीस एवढं मला कळत होतं. कॉफिन हे काहीतरी भारी, पदकाच्या डबीसारखं असणार असं मी धरून चालले आणि लाजून हसले. खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती आजी मात्र पेढा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, आईला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पोरीला काय आजार-बिजार निघाला काय गं?"

इंग्रजीत कुणाचं कौतुक करायचं असेल तर त्याच्या टोपीत पीस खोवतात, आणि एखादी गोष्ट कायमची संपवायची असेल तर तिच्या शवपेटीवर शेवटचा खिळा मारतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मामाने टोपी आणि खिळा दोन्ही काढून टाकले होते आणि पीस सरळ शवपेटीत खोवलं होतं.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले, आणि मामा अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला. नट, बोल्ट, वॉशर, पट्टे, बेअरिंग, सगळं त्याच्या ताब्यात. दर सोमवारी सकाळी साहेबलोकांची मीटिंग असायची आणि मामाला स्टॉकचं रजिस्टर घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसावं लागायचं. साहेबांचं फर्डं इंग्रजी ऐकून तो खुळावला. एखादं झकास वाक्य कानावर पडलं की रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून घ्यायचा. पण साहेब बोलायचे भराभर आणि मामाचं अक्षर टपोरं. पहिल्या वाक्याचा अर्धा भाग लिहून होईपर्यंत साहेब दुसऱ्या वाक्याच्या शेवटाला पोचलेले असत. मग मामा तो शेवट लिहून मोकळा होई. अशी पंचवीस-तीस वर्षं चालली. त्याच्याकडे शेकडो वाक्यं जमली आणि त्यातलं एकही एका जातीचं नव्हतं.

मी एकदा त्याला हे सांगून पाहिलं. त्यावर त्याने स्टोअरचा कायदा सांगितला. "हा बघ, साहेबाचा नट नसला तर दुसऱ्या मशीनचा लावायचा. बसला ना? मशीन चालला ना? मग झाला तर."

आणि मशीन चालायचं, हेच तर दुखणं होतं. बाबांचं मूतखड्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मामा सर्जनसमोर हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, प्लीज लीव्ह नो स्टोन अप युअर स्लीव्ह." बाहीत एकही दगड लपवू नका. सर्जननी क्षणभर विचार केला आणि खरोखर कोटाच्या बाह्या वर सरकवून दोन्ही हात दाखवले. मामा समाधानाने बाहेर येऊन बसला. कारखान्यातून निवृत्त होताना त्याने जे भाषण केलं त्यात "आय हॅव पुट ऑल माय डक्स ऑन द बॅक बर्नर" असं एक वाक्य होतं. म्हणजे माझी सगळी बदकं मी मागच्या शेगडीवर ठेवली आहेत. टाळ्या पडल्या म्हणे.

आता मी कशी आहे ते सांगते. मी खडूस आहे. पवईच्या एका कंपनीत मी यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहिते. 'हे झाकण उघडू नये' हे वाक्य जगातल्या कुठल्याही माणसाला एकाच अर्थाने कळलं पाहिजे यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका मला भातातल्या खड्यासारख्या लागतात. मामाच्या वाक्यांवर लहानपणी मी हसायचे, कॉलेजात गेल्यावर कानकोंडी व्हायला लागले, आणि नोकरी लागल्यावर चारचौघांत त्याने तोंड उघडलं की मी पाणी प्यायला उठायचे. गंमत अशी की आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये "लेट्स टेक धिस एलिफंट ऑफलाइन" असं सांगितलं होतं, आणि आम्ही पंधरा जणांनी माना डोलावल्या होत्या. हत्तीला ऑफलाइन कसं नेतात हे कुणी विचारलं नाही. मी तर ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. तेव्हा मला मामा आठवला नाही, हे कबूल करायला हवं.

त्याच ऑफिसात मला माझा नवरा भेटला. मुलुंडला राहणारा तमिळ मुलगा. आमचं जमलं, घरी सांगून झालं, माझ्या आईने दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी त्याला सोलकढी पाजली, म्हणजे आमच्याकडून मामला मिटला. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. ते तिकडे तमिळनाडूत तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन मुलाकडे मुलुंडला आले होते. त्यांना हिंदी येत नव्हती, मराठी तर नाहीच. आणि त्यांचा निरोप स्पष्ट होता. मुलगी चांगली असेल, पण मी तिच्या घरच्या मोठ्यांशी समोरासमोर बोलेन, त्यांच्या मनात खरोखर असेल तरच होकार देईन. मुलाने मध्ये बोलायचं नाही, कारण ज्याचं काम अडलंय त्याने दुभाषा होऊ नये.

आमच्याकडे अशा वेळी बैठक बसते. दोन्हीकडची मोठी माणसं समोरासमोर बसतात, लग्न ठरतं, आणि कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून यादी लिहितात. आमच्या घराण्यात बैठकीचा पहिला शब्द मामाचा. मुलीचा बाप शेजारी बसून हो म्हणतो. आणि इथे पहिला शब्द इंग्रजीत म्हणायचा होता.

मी हातपाय मारून पाहिले. बाबांचं इंग्रजी 'यस'ने सुरू होऊन 'थँक यू'वर संपतं. मीच बोलते असं म्हटल्यावर आई कडाडली, "नवरी मुलगी स्वतःच्या बैठकीत बोलणार? ते लोक काय म्हणतील? वाट लागेल सगळ्याची!" माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं लाल पेन चालवलेला माणूस होता आणि त्याच्यासमोर बदकं शेगडीवर ठेवणारा मामा. मला झोप लागेना.

बैठकीच्या आदल्या रविवारी मी मालाडला मामाकडे गेले. तो खुशीत होता. रजिस्टरची मागची पानं त्याने फाडून जपून ठेवली होती, ती पलंगावर पसरून तो बैठकीसाठी वाक्यं निवडत होता. काहींवर टिकमार्कही केला होता.

"मामा," मी म्हटलं, "त्या दिवशी हे काही नको. साधं बोल. एक पण असलं वाक्य नको."

"एक पण नाय?"

"नाही."

"सुरुवातीक एक तरी? स्वागताचा."

"नाही, मामा."

"मग शेवटाक. निघताना. तेवां तर काय त्यांचा ध्यान पण नसतला."

"मामा, ते इंग्रजीचे प्रोफेसर आहेत. प्लीज. माझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पानं एकेक करून गोळा केली, त्यांना रबर लावलं आणि उशीखाली ठेवली. "बरां," एवढंच म्हणाला. मामीने चहा आणला तो त्याने तसाच ठेवला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी अकराला माणसं आली. माझे होणारे सासरे उंच, शिडशिडीत, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. सासूबाई शांत, चेहऱ्यावर अर्धं हसू. मुलगा त्यांच्या मागे, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखा. मामा इस्त्रीचा सफारी घालून मधल्या खुर्चीवर बसला होता. दोन्ही तळवे त्याने गुडघ्यांत घट्ट दाबून धरले होते.

"वेलकम," मामा म्हणाला आणि थांबला.

सासऱ्यांनी वाट पाहिली. पुढे काही येईना.

"टी?" मामा म्हणाला.

"यस, थँक यू."

"शुगर?"

चहा झाला. मग सासरे मुद्द्यावर आले. त्यांचं इंग्रजी स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं. त्यांनी विचारलं, की आमच्या-तुमच्या चालीरीती निराळ्या, जेवणखाण निराळं, भाषा निराळी, याबद्दल तुमच्या मनात काय आहे?

मामाचे ओठ हलले. त्याच्या गळ्यापर्यंत काहीतरी आलं होतं, मला दिसत होतं. एरवी या प्रश्नावर त्याने निदान दोन जनावरं आणि एक होडी तरी सोडली असती. त्याने माझ्याकडे पाहिलं, गिळलं आणि म्हणाला, "गुड."

लग्न कुठे करावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं.

"हॉल."

मुलगा तुम्हाला पसंत आहे का?

"ओके."

बाबा घाईघाईने "यस, थँक यू" म्हणाले. पंख्याचा आवाज येत होता. आई मला कोपराने ढोसत होती आणि मी माझ्याच अकलेचं कौतुक करत होते, की चला, एकही चूक झाली नाही.

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसला. मग फार सौम्य आवाजात जे म्हणाले त्याचा अर्थ असा: मी तीस वर्षं वर्गात उभा होतो. उत्तर येत नसलेला विद्यार्थी मला कळतो, आणि उत्तर द्यायची इच्छा नसलेलाही कळतो. घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात हे लग्न नाही. मी त्यांना दोष देत नाही. आपण काही काळ थांबू.

काही काळ थांबू म्हणजे काय ते कुठल्याही भाषेत सगळ्यांना कळतं. त्यांनी चष्म्याची डबी खिशात टाकली आणि उठले. "अप्पा..." मुलगा म्हणाला, तर त्यांनी नुसता हात वर केला. सासूबाईंनी पर्स उचलली.

मामा घामाने निथळत होता. तो माझ्याकडेच बघत होता. हा माणूस साठीच्या पुढचा, अख्खं स्टोअर सांभाळलेला, आणि शाळेतल्या पोराने बाहेर जायची परवानगी मागावी तसा माझ्याकडे बघत होता. माझं लग्न मोडताना दिसत होतं, तरी मला दिलेला शब्द त्याने मोडला नव्हता. मला माझीच इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"मामा, बोल!" मी ओरडलेच.

"कसा?"

"तुझ्यासारखं बोल!"

"सगळा?"

"सगळं!"

मामा उभा राहिला. गुडघ्यांतले हात सुटले आणि पसरले.

"सर!" तो गरजला. "प्लीज! डोन्ट बीट द बुल अराउंड द बुश!"

झुडपाभोवती बैल बडवू नका. सासरे दाराशी थबकले.

"फ्रॉम टुडे वी आर ऑल इन द सेम बास्केट! व्हाय आर यू जंपिंग द बोट? युअर सन इज अ व्हेरी गुड बॉय, ही हॅज नो कॅट इन हिज कपबोर्ड! ॲन्ड धिस गर्ल, सर..." इथे मामाचा आवाज चिरकला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "धिस गर्ल इज द ब्लिस्टर ऑफ माय आय!"

टोपली, होडी, कपाटातलं मांजर, सगळं एका दमात बाहेर पडलं होतं. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा सासरे परत खुर्चीवर बसत होते. त्यांनी समोरचा यादीचा कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि मामाला म्हणाले, कृपा करून पहिलं वाक्य पुन्हा सांगता का, सावकाश? मला वाटलं, आता तपासतात. मामाने बैलाचं वाक्य पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज येत नव्हता. मग आला. तो सभ्य, शिडशिडीत माणूस टीपॉयवर डोकं टेकून हसत होता.

सासूबाईंनी घाबरून मुलाला तमिळमध्ये काय झालं ते विचारलं. बंदी विसरून त्याने सांगितलं, आणि बैल तमिळमध्ये गेला. त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आईने मला ढोसलं, "अगं काय म्हणाले? मला सांग ना!" मी बैल मराठीत आणला.

"बैल?" आईचा चेहरा उतरला. "लग्नात बैल मागतायत?"

"सोसायटीत कुठे बांधणार?" बाबा हळूच म्हणाले. "सेक्रेटरी परवानगी देणार नाही."

हे परत इंग्रजीत आणि तिथून तमिळमध्ये गेलं, आणि मग पाच मिनिटं कुणाला काही बोलता आलं नाही. मामा एकटाच गंभीर उभा होता. आपल्या बोलण्याचा इतका परिणाम त्याने निवृत्तीच्या भाषणातसुद्धा पाहिला नव्हता.

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, बाकी सगळं मला कळलं, पण डोळ्यातला फोड म्हणजे काय? मी सांगायला लागले. इंग्रजीत आवडतं माणूस म्हणजे डोळ्यातलं सफरचंद, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे लाडक्या लेकराला तळहातावरच्या फोडासारखं जपतात, धक्कासुद्धा लागू देत नाहीत. मामाने ते दोन्ही... इथे एका वाक्याला एकच अर्थ देण्याचा पगार घेणारी मी पुढे बोलूच शकले नाही.

सासऱ्यांनी कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, की तीस वर्षं मुलं त्याच त्या जुन्या चुका करत आली, मी लाल शाईने खोडत आलो. नवीन काही कुणी बनवलं नाही. मग त्यांनी मामाला हात धरून शेजारी बसवलं. आमच्या यादीचा तो कागद अजून कपाटात आहे. कोपऱ्यांना हळदकुंकू, वर गणपतीचं नाव, आणि त्याखाली पहिल्या ओळीत प्रोफेसरांच्या सुंदर अक्षरात बैल आणि झुडूप. हॉल, भटजी, केळवण वगैरे खाली.

त्यानंतर लग्नापर्यंत दर रविवारी सासऱ्यांचा मामाला फोन जायचा. तासतासभर चालायचा. मला वाटायचं, ते वाक्यं गोळा करतायत.

लग्नाच्या दिवशी मामा मला न्यायला खोलीत आला. नवरीला मांडवात मामानेच न्यायचं असतं. फेटा जरा तिरका, डोळे लाल. माझा हात धरून तो चालायला लागला. सनई वाजत होती, माणसं वळून बघत होती. दारापाशी थांबून तो माझ्या कानाशी वाकला आणि जपून, एकेक शब्द निवडत, अगदी बरोबर म्हणाला, "वन मोर फेदर इन युअर कॅप."

मी जागीच थांबले. "कॅप?"

"होय गो. तुझ्या सासऱ्यांका विचारून पाठ केलंय. एवढ्या लोकांत तुका माझी लाज नको वाटूक."

म्हणजे रविवारचे फोन ते होते. त्या वयात, माझ्यासाठी, तो शिकवणी लावून बसला होता. आणि मला ते बरोबर वाक्य मुळीच नको होतं. दुसऱ्या कुणाचंही असावं असं ते वाक्य होतं.

"मामा, कॅप नाही," मी म्हटलं. "कॉफिन म्हण."

तो दचकला. "नको गो. माका आता त्येचो अर्थ कळलो. मांडवात असला बोलूचा नसता."

"एक तरी, मामा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. भटजी खुणा करत होते, मुहूर्ताची घाई होती, माझे सासरे बोहल्याजवळ अक्षता घेऊन उभे होते. मामाने फेटा सारखा केला, माझा हात घट्ट धरला, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वन मोर फेदर इन युअर कॉफिन!"

खालच्या मजल्यावरच्या आजींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी रडत रडत, दात काढून हसत मांडवात शिरले.